मंजिरीनं आणलेली बिअर

“श्रीपादराव, ह्या तुमच्या बाटल्यांना घाम फुटलाय.”

आबा फ्रिजसमोर उकिडवे बसले होते. एका हातात पंचा, दुसऱ्या हातात हिरव्या काचेची जाडजूड बाटली. आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरनं मोठा आवाज करून प्राण सोडला होता आणि रविवारची दुपार झाली तरी वीज आली नव्हती. मे महिना होता. पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे त्रास होत नाही असं म्हणणारी माणसं ते पंख्याखाली बसून म्हणतात. फ्रिजमधला बर्फ वितळून त्याचे ओघळ मोरीपर्यंत गेले होते आणि आबा आतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढत होते. दूध नासलं होतं. लोणच्याच्या बरणीमागे वर्षभर कुणी हात घातला नव्हता, तिथून या दोन बाटल्या निघाल्या.

“माझ्या नाहीत. मंजिरीच्या आहेत,” मी म्हटलं.

“तेच ते.”

आबांनी दोन्ही बाटल्या पुसून ओट्यावर ठेवल्या आणि पंचा पिळला. दाराशी त्यांची बॅग भरून तयार होती. सोमवारी सकाळच्या गाडीनं ते चिपळूणला जाणार होते, पुतण्याकडे. “आंबे उतरलेत, चार दिवस जाऊन येतो,” असं ते मला म्हणाले होते. पण बॅगेत त्यांनी स्वेटर घातला होता, कानटोपी घातली होती आणि सासूबाईंचा भिंतीवरचा फोटोही उतरवून घातला होता. चार दिवस आंबे खायला जाणारा माणूस कानटोपी नेत नाही, एवढं मला कळत होतं. त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटत होतं. ते तोंडातून निघत नव्हतं, एवढंच.

आबा माझे सासरे. गोविंद रेडीज. चिपळूणच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभी हयात गेली. मंजिरी त्यांची एकुलती एक मुलगी. सासूबाई गेल्यावर ती त्यांना बळेच पुण्याला घेऊन आली आणि नंतर स्वतःच गेली. एप्रिलमधल्या एका सकाळी ऑफिसला निघताना डोकं धरून खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला. उरलो आम्ही दोघे, एका फ्लॅटमध्ये, सासरा आणि जावई. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. कॉलेज चालू असताना दिवस कसातरी निघून जायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र आम्ही दिवसभर एकमेकांच्या आसपास वावरायचो आणि “चहा ठेवू का?”, “पाणी आलंय”, “पेपर वाचून झाला का?” याच्या पलीकडे काही बोलायचो नाही. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान आवाज तरी झाला असता.

त्यात माझ्या मनात एक सल होता. मंजिरीच्या दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. झाडावर ढीगभर कावळे होते, एकही खाली उतरत नव्हता. गुरुजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली असेल, कुणी बोला. माझी बहीण काहीबाही बोलली. मग मी पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “मंजू, आबांची काळजी करू नकोस. मी त्यांना कधी अंतर देणार नाही.” मला खात्री होती. तिचा जीव बापात अडकणार, नाहीतर कशात? पण कावळा ढिम्म. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, तेवढ्यात आबा काठी टेकत पुढे गेले, वाकले आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. ते पुरते मागे सरलेही नव्हते, तोच कावळा आला.

मी फिजिक्स शिकवणारा माणूस. कावळ्याला भूक लागली की तो येतो, हे मला समजतं. तरीही माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला नाही, हे वर्षभर मला लागून राहिलं. आबा काय म्हणाले ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

आता वर्षश्राद्ध होऊन पंधरवडा होत आला होता आणि ते निघाले होते.

“बिअर म्हणजे दारूच ना शेवटी?” आबांनी बाटलीवर बोट टेकवत विचारलं.

“हो.”

“सौम्य असते म्हणतात.”

“सौम्य असली तरी दारूच.”

“मग मोरीत ओतू का?”

आबांच्या आयुष्यात दारूचा थेंब गेला नव्हता. स्टँडवर पहाटेच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना ते रांगेत उभं करून तोंडाचा वास घ्यायचे आणि संशय आला तर घरी पाठवायचे. त्यांच्या नाकाला अख्खा डेपो टरकून असायचा. मंजिरीच्या कंपनीनं तिला पंधरा दिवसांसाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा ती मुद्दाम या दोन बाटल्या घेऊन आली. तिथल्या कुठल्याशा गावात घरोघरची माणसं जेवताना जी पितात, ती ही बिअर. लागर म्हणतात तिला. मार्चमध्ये आणली, पण उघडू देईना. म्हणाली, “अजून हवं तसं ऊन नाही. मे महिन्यात भर दुपारी, गारेगार करून, तिघांनी मिळून प्यायची. आबांना एक घोट तरी पाजणारच.” आबा तेव्हा म्हणाले होते, “माझ्या नाकानं नोकरी केली तिथे, तोंडानं बेइमानी करायला सांगू नकोस.” मे महिना आला तेव्हा ती नव्हती.

“यावर तारीख असेल ना काही? मला चष्म्याशिवाय दिसत नाही.”

मी बघितलं. “याच महिन्याची आहे.”

“म्हणजे ठेवून उपयोग नाही.”

“नाही.”

आबांनी बाटली हातात घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवला. “माझ्या स्वेटरात गुंडाळून आणल्या होत्या तिनं. बॅग उघडून मला म्हणाली, आबा, स्वेटर तुमचा आणि आतली गंमत तुमच्या जावयाची. मी स्वेटर तेवढा उचलला.” मग ते म्हणाले, “कुठे बर्फ मिळतो का बघा.”

“आबा, माझ्यासाठी म्हणून कशाला उगाच…”

“तुमच्यासाठी नाही हो. बघा म्हटलं ना.”

मासळीवाल्याकडून बर्फाची लादी आणली. धुऊन घेतली तरी तिला बांगड्याचा वास होता. आबांनी ती बत्त्यानं फोडली, बादलीत घातली, वर मीठ पसरलं आणि दोन्ही बाटल्या त्यात मानेपर्यंत पुरल्या. मीठ घातलं की गारवा वाढतो हे त्यांना बिनफिजिक्सचं ठाऊक होतं. मग त्यांनी गॅसवर कढई चढवली आणि मिरगुंडं तळायला घेतली. मी सरबताचे काचेचे ग्लास पुसले. बाल्कनीत सावली आली होती, पण फरशी पायाला चटका देत होती, म्हणून बादलीतलं थोडं पाणी तिच्यावर शिंपडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळी कॉलनी दारं लावून उकडत पडली होती.

बाटलीला चिनी मातीचं बूच होतं, तारेनं आवळलेलं. आबांनी अंगठ्यानं तार उचलली आणि ‘फट्’ असा आवाज झाला. ते दचकले आणि हसले. त्या वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ओतायचं कसं ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी कॉलेजात असताना कधीतरी घेतली होती, ती ही नव्हे. आबांनी ताक ओततात तशी उंचावरून धार धरली आणि ग्लासात खाली बोटभर बिअर, वर नुसता फेस झाला. तो उतू जाऊन त्यांच्या मनगटावरून खाली ठिबकला. आबांनी सवयीनं मनगट नाकाशी नेलं.

“अहो, हा तर आंबोळीच्या पिठाचा वास आहे,” ते म्हणाले. “आणि आम्ही ड्रायव्हर लोकांना घरी पाठवत होतो.”

“ते ही बिअर पीत नसतील.”

“ते खरं. त्यांचा वास पेट्रोलला मागे सारायचा.”

ग्लास भरले. आता काय करायचं ते दोघांनाही ठाऊक होतं, पण कुणी हात पुढे करीना. शेवटी मी माझा ग्लास त्यांच्या ग्लासाला टेकवला. ते ग्लासाकडे बघत होते, मीही ग्लासाकडे. आबा तो तोंडाला लावणार, तोच मला आठवलं.

“आबा, थांबा. असं चालत नाही.”

“काय झालं?”

“मंजिरीनं सांगितलं होतं. तिथे ग्लासाला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. ती पहिल्या दिवशी सांडेल म्हणून ग्लासाकडे बघत होती, तर त्या लोकांनी तिला सगळ्यांबरोबर पुन्हा करायला लावलं. घरी आल्यावर माझी तालीम घेतली. रोज जेवताना ताकाचा ग्लास पुढे करायची आणि म्हणायची, बघ, माझ्याकडे बघ, ताकाकडे काय बघतोस.”

“आणि नाही बघितलं तर?”

“सात वर्षं वाईट जातात म्हणे.”

“ती जातातच आहेत,” आबा म्हणाले. “बरं, पुन्हा करा.”

आम्ही पुन्हा ग्लास टेकवले आणि मी वर बघितलं.

मंजिरीचे डोळे आबांवर गेले होते. तपकिरी, बाहेरच्या कडेला किंचित उतरलेले. दहाव्यानंतर मी आबांशी बोलताना त्यांच्या कपाळाकडे बघत आलो होतो, नाहीतर शर्टाच्या गुंडीकडे. जेवताना ताटाकडे. आता नजर वळवायची सोय नव्हती. ते डोळे माझ्याकडे बघत होते, त्यांना पाणी आलं होतं आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. ग्लास तसेच टेकलेले राहिले. फेस बसून गेला.

“मला वाटायचं, तुम्हाला हा म्हातारा नजरेसमोर नकोसा झालाय,” आबा हळूच म्हणाले. “बोलता माझ्याशी आणि बघता भिंतीकडे.”

“नाही हो आबा. डोळे तिचे आहेत तुमचे. मला बघवत नव्हतं.”

आबांनी मान हलवली. मग एवढी गंभीर गोष्ट झाल्यावर काहीतरी केलं पाहिजे म्हणून की काय, त्यांनी एक मोठा घोट घेतला आणि डोळे गच्च मिटले.

“कडू आहे.”

“असते.”

“थांबा. मागून गोडसर लागते. भाजलेल्या पावाच्या कडेसारखी.” त्यांनी अजून एक घोट घेतला. “बरी आहे. तिला सांगायला पाहिजे होतं, बरी आहे म्हणून.”

मीही प्यालो. गार, किंचित कडू, घशातून उतरताना जिभेवर दाण्याची चव ठेवणारी. आबांना एक घोट तरी पाजणारच, असं ती म्हणाली होती. पाजला होता. तिनं टाळ्या वाजवल्या असत्या, उड्या मारल्या असत्या. ती इथे हवी होती, आणि ती नाही हे त्या गार घोटानं जेवढं कळलं तेवढं वर्षश्राद्धालाही कळलं नव्हतं.

पहिली बाटली संपली. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी दुसरी बादलीतून काढली आणि मांडीवर तशीच धरून बसले.

“काल घाणेकरबाई आल्या होत्या,” ते म्हणाले.

घाणेकरबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. आदल्या दिवशी संध्याकाळी वर येऊन त्यांनी मला एक स्थळ सांगितलं होतं. चांगली शिक्षिका आहे, तीही एकटीच आहे, वगैरे. मी त्यांना फार तुटकपणे वाटेला लावलं होतं. आबा तेव्हा बाल्कनीत जाऊन उभे राहिले होते.

“त्या बाईंना काही काळवेळ कळत नाही,” मी म्हणालो. “तेही तुमच्यासमोर.”

“त्यांना मीच सांगितलं होतं.”

मी हातातला रिकामा ग्लास खाली ठेवला.

“मी निघाल्यावर या, असं म्हटलं होतं. त्यांना कुठला दम धरवतोय.” आबांनी बाटली पायाशी ठेवली. “श्रीपादराव, सासरा हॉलमध्ये खुर्ची टाकून बसलाय अशा घरात कोण मुलगी येईल? आली तरी तिला कसं वाटेल? मी विचार केला, वर्ष होऊ दे. वर्षभर कुणी काही बोलू नये. वर्ष झालं की आपण उठायचं.”

“म्हणून चाललाय तुम्ही?”

“मग काय आंब्यांसाठी? आंबे इथेही मिळतात.”

मला राग आला. एवढा राग त्या वर्षात कशाचाच आला नव्हता. “आबा, मी ओंकारेश्वरावर सगळ्यांसमोर शब्द दिला होता, तुम्हाला अंतर देणार नाही म्हणून. तिला तो पटला नाही ते नाही, पण मी दिला होता. मला विचारायचं तरी.”

“पटला नाही असं कोण म्हणालं?”

“कावळा शिवला का?”

समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी कुरडया वाळत घातल्या होत्या, आबा तिकडे बघत राहिले. मग बोलले, तेही तिकडेच बघत.

“तुम्ही माझं नाव घेतलंत. तुमच्या बहिणीनंही माझंच घेतलं. मी मागे उभा राहून विचार करत होतो, ही माझ्यासाठी कशाला अडेल? तिला बाप ठाऊक होता. आई गेली तेव्हा तिनं पाहिलं होतं मला. मी भाकरी भाजतो, कपडे धुतो, चार माणसांत जाऊन बसतो. माझं निभतं. तुमचं निभत नाही. ती गावाला गेली की तुम्ही दूध तापवायला ठेवून विसरायचात. मागे जर्मनीहून फोन करायची, तो मला करायची. ‘आबा, तो जेवला का?’ असं विचारायची. ‘तुम्ही जेवलात का’ असं एकदाही नाही.” आबा किंचित हसले. “तिचा जीव माझ्यात नव्हताच अडकला. तुमच्यात होता. मी जाऊन म्हटलं, ‘बाय, जा आता. मी त्याला एकटा राहू देणार नाही.’ तेव्हा आला कावळा.”

वर्षभर मी जो सल धरून बसलो होतो, त्याची ही दुसरी बाजू मला कधी सुचलीच नव्हती.

“तो शब्द पाळायचा तर तुमचं पुन्हा लग्न व्हायला पाहिजे,” आबा म्हणाले, “आणि ते व्हायचं तर मला जायला पाहिजे. दुसरा मार्ग मला दिसला नाही.”

“आबा,” मी म्हटलं, “मी एकटा राहू नये म्हणून तुम्ही मला एकट्याला सोडून चाललाय?”

आबा माझ्याकडे वळले. तीस-पस्तीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ ठेवणारा माणूस, पण हा घोटाळा त्यांच्या लक्षात आला नव्हता. त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

“असं नव्हतं हो मला म्हणायचं,” ते चाचरत म्हणाले.

“जाऊ नका,” मी म्हटलं. एवढंच म्हणायचं होतं. त्याला वर्ष लागलं आणि जर्मनीची बिअर लागली. “मला नको कुणी. तुम्ही जाऊ नका.”

आबांनी दुसऱ्या बाटलीची तार उचलली, बूच काढलं, आणि या वेळी ग्लास तिरका धरून, कडेनं धार सोडत, फेस न करता दोन्ही ग्लास भरले. कुठून सुचलं कोण जाणे. ग्लास टेकवताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कुणी न सांगता.

सोमवारी मला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता. बॅग दाराशी तशीच होती. घड्याळाकडे बघून आबांनी तोंडापुढे मूठ धरली आणि चिपळूणच्या स्टँडवरच्या त्या खणखणीत आवाजात सुरुवात केली, “स्वारगेट-चिपळूण गाडी सुटलेली आहे. मागे राहिलेल्या प्रवाशांनी कंट्रोलरकडे चौकशी करू नये.” मग चहाचा कप माझ्या हातात दिला आणि बॅगेतला सासूबाईंचा फोटो काढून भिंतीवरच्या खिळ्याला लावला.

त्यानंतर आबा माझ्याजवळ आठ-नऊ वर्षं राहिले. मी लग्न केलं नाही. घाणेकरबाईंनी आणखी दोनदा प्रयत्न केला आणि नाद सोडला. आबांनी मला मासे साफ करायला शिकवलं, दूध तापवताना तिथेच उभं राहायला शिकवलं, आंबोळ्यांचं पीठ कधी आंबलं ते वासानं ओळखायला शिकवलं. आम्ही फार बोलायला लागलो अशातला भाग नाही, पण बोलताना एकमेकांकडे बघून बोलायचो. ती बिअर पुन्हा कुणी आणली नाही. मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी आम्ही ताकाचे ग्लास टेकवायचो.

शेवटच्या आजारात एकदा मी त्यांच्यासाठी आंबोळ्या केल्या. त्यांना अर्धीच गेली. ती चघळत ते म्हणाले, “तुम्हाला जमायला लागल्या हो आता. माझ्याशिवाय जमतील.” मला वाटलं, ते आंबोळ्यांबद्दल बोलताहेत.

दहाव्याला पुन्हा ओंकारेश्वर. क्रिया चिपळूणच्या पुतण्यानं केली. मी मागे उभा होतो. काय म्हणायचं ते मी रात्रभर जुळवून ठेवलं होतं. आबा, तुम्ही शब्द पाळलात, त्यातून आता मोकळे झालात, असं मला म्हणायचं होतं. आणि त्याआधी, थोडं थांबा, असंही म्हणायचं होतं. पुतण्यानं पिंड ठेवला, हात जोडले आणि मागे वळला. तो पुरता वळलाही नव्हता, तेवढ्यात कावळा उतरला आणि भाताला चोच लावून गेला.

“भाग्यवान माणूस,” लोक म्हणाले. “कशात म्हणून जीव अडकला नव्हता.”

सगळे चपला घालायला लागले. मी तिथेच उभा राहिलो.

“गुरुजी,” मी म्हटलं, “जरा थांबायचं का?”

“आता कशासाठी?” गुरुजी सामान आवरत म्हणाले. “शिवला की.”